शेगावला पायी निघताय? या चुका मी दरवर्षी पाहते

नागपूरच्या मानेवाड्यातून आमची पंचवीस-तीस जणांची दिंडी गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या आधी शेगावला पायी जाते. माझं यंदाचं नववं वर्ष. दरवर्षी सात-आठ जण नवे असतात, आणि त्यांतले दोन-तीन दरवर्षी कारंजा घाडग्यालाच एसटीत बसतात. पाय कमजोर म्हणून नाही. साठी ओलांडलेल्या दोन आजी आमच्यासोबत सहा वर्षं सलग पोचल्या आहेत. एसटीत बसतात ते बहुतेक तिशीच्या आतले.

आमच्या वाटेनं अंतर जवळजवळ 300 किलोमीटर भरतं आणि आम्ही ते 13 दिवसांत चालतो. गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, मोझरी, अमरावती, मग बडनेऱ्यावरून कुरूम, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला, आणि शेवटी गायगाव-पारस करत शेगाव. रोजचे सरासरी तेवीस किलोमीटर झाले. हा आकडा सांगितला की नव्या पोट्ट्यांचं तोंड पडतं. "एवढंच?"

पहिल्या दिवशीची मस्ती

चार वर्षांपूर्वी मिहानमध्ये नोकरी करणारा एक पोट्टा आला. जिमला जाणारा, अंगानं काटक. आदल्या संध्याकाळी सीताबर्डीवरून कोरे करकरीत बूट घेतलेले, तेही पायाला घट्ट बसणारे, कारण सैल बूट चांगले दिसत नाहीत. पहिला मुक्काम आम्ही मुद्दाम जवळ ठेवतो, गोंडखैरीला. दुपारी तिथं आम्ही सतरंज्या टाकल्या, तर हा उभाच. "काकू, तुम्ही या हळूहळू. पाय गरम आहेत तोवर मी चालून घेतो. कोंढाळीला भेटू."

नागपूरहून कोंढाळी पन्नासेक किलोमीटर. रात्री नऊला त्याचा फोन आला, पोचलो म्हणून. आवाजात विजय होता. आम्ही कोंढाळीला पोचलो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेव्हा हा कार्यालयाच्या ओट्यावर बादलीत पाय टाकून बसला होता. दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड आलेले, त्यातला एक त्यानं स्वतःच फोडून वरची कातडी ओरबाडून काढलेली. मोजे जखमेला चिकटले होते. म्हणजे त्यानं दोन दिवस पुढे जाऊन मिळवलं काय, तर आमच्याच मुक्कामाला आमच्याच दिवशी तो होता, फक्त पाय नव्हते. कारंज्यापर्यंत कसाबसा लंगडत आला आणि तिथून एसटी. वाईट वाटलं, कारण तो मनापासून आला होता. पण सांगितलेलं ऐकायचं नसेल तर काकू काय करतील?

पहिल्या दिवशी पायात जोर असतोच. तो साठवलेला असतो, आणि तो कुठं खर्च करायचा ते कळत नाही. पहिले तीन दिवस मी कोणालाच वीसच्या वर चालू देत नाही. चौथ्या दिवसापासून पाय आपणहून लांब पडायला लागतात. मांड्यांचं दुखणं तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, त्याला घाबरून कोणी सोडू नये. ते उतरतं. फोड मात्र आपणहून उतरत नाही.

फोडाचं असं आहे की ओलावा, उष्णता आणि घासणं हे तिघं एकत्र आले की वरची कातडी आतल्या कातडीवरून सरकते आणि मधे पाणी धरतं. तिघांतला एक जरी काढला तरी फोड टळतो. घासणं पूर्ण थांबवता येत नाही, चालायचंच आहे. ओलावा थांबवता येतो. म्हणून मी दर दीड तासानं बूट-मोजे काढते, पाय पुसते, दुसरे मोजे घालते आणि ओले मोजे सेफ्टी पिनेनं पिशवीला लटकवते. पोट्टे हसतात, काकूची दांडी चालली म्हणतात. हसू द्या. सकाळी निघताना बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन. टाचेला चुरचुर झाली की त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी. पुढच्या गावात बघू म्हणणाऱ्यांचेच फोड मी पुढच्या गावात बघत बसते.

फोड आलाच आणि मोठा असला तर निर्जंतुक सुईनं कडेला बारीक टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. तीच मलमपट्टी आहे. आत दोरा ठेवायची जुनी पद्धत आमच्या दिंडीतही होती, मी बंद केली, दोऱ्यावरून घाण आत जाते. साखरेचा आजार असणाऱ्यांनी सुई हातातसुद्धा घेऊ नये, थेट डॉक्टरकडे जावं.

आणि बूट दिवाळीत घ्या. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो तेव्हा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच. मग ते घालून फुटाळ्याला, अंबाझरीला चार आठवडे फिरा. बोटभर जागेचं महत्त्व कारंज्याच्या पुढे सत्याग्रही घाट उतरताना कळतं. घट्ट बुटात प्रत्येक पावलाला नख पुढे आपटतं, तळेगावला बूट काढावा तर अंगठा काळानिळा. दिंडी निघायच्या दोन दिवस आधी नखं सरळ कापा, निघायच्या दिवशी नको.

अंधारात निघणं

यावर मी थट्टा करत नाही. ऊन लागू नये म्हणून पहाटे तीनला निघणारे गट आहेत. चारपदरी महामार्ग, पुराच्या वेगानं धावणारे कंटेनर, डुलकी लागलेले चालक, आणि कडेनं गडद शाली पांघरून चालणारी माणसं. आमचा नियम जुना आहे. सकाळी उठून आपण तळहात बघतो ना, कराग्रे वसते लक्ष्मी म्हणत? त्या तळहातावरच्या रेषा उघड्यावर, दिव्याशिवाय दिसल्या की निघायचं. फेब्रुवारीत साडेसहा वाजतात. वाजू देत. बारा ते तीन झाडाखाली पडून राहायचं, ऊन तिथं टळतं.

चालायचं समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे उजव्या कडेनं. मागून येणारा ट्रक दिसत नाही, समोरचा दिसतो आणि वेळेवर बाजूला होता येतं. एका ओळीत. पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगात चमकणारं जाकीट. टाळ वाजवा, भजन म्हणा, पण कानात बोंडं घालून चालायचं असेल तर आमच्यासोबत येऊ नका.

पाणी न पिणाऱ्या बाया

ही चूक पुरुषांना सांगून समजत नाही. वाटेत सोय नाही म्हणून बाया सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. दुपारी डोकं फुटतं, संध्याकाळी लघवीला जळजळ, रात्री ताप. दरवर्षी एक तरी केस. तिसऱ्या वर्षी मी स्वतः त्यातच होते, मोझरीला गुरुकुंजात दोन दिवस पडून होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीसमोर बसून प्रार्थना ऐकायची इतकी वर्षं इच्छा होती, आणि ऐकली ती खोलीतून, चादरीत कुडकुडत.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. नागपूर ते शेगाव कोणत्या पेट्रोल पंपावर संडास-बाथरूम आहे, कुठल्या ढाब्याची मालकीण विचारलं की आत घेते, कुठं कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे मागायची, सगळं त्यात आहे. दर वर्षी दुरुस्त करते. लाजू नका, विचारा. आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलं.

अमरावती सोडल्यावर पाण्याची गोष्ट वेगळी होते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे, जमिनीखालचं पाणीच खारट. शेतातली बोअर दिसली की ओंजळ लावणारे नवे लोक दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतात. त्या पट्ट्यात नळाचं किंवा आणलेलंच पाणी प्यायचं, आणि बाटली अर्धी झाली की भरायची, रिकामी झाल्यावर नाही.

मोबाइलनं दाखवलेली पांदण

मूर्तिजापूरच्या अलीकडची गोष्ट. रात्री अवकाळी पाऊस येऊन गेला होता. सकाळी दिंडीतल्या एका भाऊंनी मोबाइल उघडून जाहीर केलं की हायवे सोडून पांदणीनं, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेनं, गेलं तर चार किलोमीटर वाचतात. मी नको म्हटलं. बहुमत त्यांच्या बाजूनं गेलं, आणि मीही गेले, हा माझा मूर्खपणा.

काळी माती ओली झाली की ती जमीन राहत नाही, ती डिंक होते. पहिल्या शंभर पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर माती. खरवडायची, दहा पावलं, पुन्हा किलोभर. एका ताईंच्या बुटाचा तळवाच मातीत राहिला आणि पाय वर आला. पाच किलोमीटरला साडेतीन तास लागले. अर्ध्या वाटेत एक शेतकरी धुऱ्यावर तुराट्या बांधत होता. त्यानं आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मोबाइल पाहून आले काय?" भाऊ गप्प. "पानी पडला का आमचे बैलबी नाही जात बाप्पा या पांदनीनं." मग त्यानंच धुऱ्याधुऱ्यानं नेऊन आम्हाला हायवेला लावून दिलं. वर हरभऱ्याचा टहाळ दिला. तो खात खात आम्ही डांबरावर बसलो.

अमरावती-अकोल्यामधला तो डांबरी रस्ताही साधा नाही बरं का. 2022 च्या जूनमध्ये याच टप्प्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला होता. तेवढंच अंतर आम्हाला तीन दिवस पुरतं. तो रस्ता कंटाळवाणा आहे, सरळसोट आहे, सावली कमी आहे, आणि मी आता तो सोडून कुठंही जात नाही. पांदणीनं जायचंच असेल तर आठ दिवस कोरडे गेलेले असावेत आणि सोबत त्या गावचा माणूस असावा. अकोल्यानंतरची गोष्ट वेगळी, तिथं गायगाव, पारस, नागझरी ही महाराजांच्या पालखीचीच वाट आहे, गावोगावी लोकांना पायी चालणारा माणूस नवा नाही.

टेम्पोत गेलेल्या गोळ्या

सामानाचा टेम्पो पुढे असतो, म्हणून लोक त्यात सगळंच टाकतात. एका काकांनी बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्याही टाकल्या. टेम्पो बारा किलोमीटर पुढे, चालकाचा फोन बंद, आणि काका रस्त्याच्या कडेला घाम फुटून बसलेले. खिशातल्या दोन संत्र्यांच्या गोळ्यांनी निभावलं. गोळ्या, पाणी, टोपी, ओळखपत्र, थोडे पैसे आणि एक जोडी मोजे हे अंगावर. बाकी टेम्पोत. पाठीवर तीन किलोच्या वर काही नको. आठ किलोची सॅक घेऊन येणारा भक्त दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत टाकतो, आणि त्यातच गोळ्या जातात.

सकाळीच दुखण्यावरची गोळी घेऊन निघणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. दुखणं हा पायाचा निरोप असतो, तो बंद करून तीस किलोमीटर चालायचं, तेही उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर, यात मूत्रपिंडाचं वाटोळं होतं. रात्री घ्या, जेवून घ्या, डॉक्टरांना विचारून घ्या.

बारीकसारीक

निघायच्या सकाळी तर्री पोहे खाऊ नका. मलाही आवडतात, पण वाडी नाक्यापर्यंत छातीत जळजळ सुरू होते. साधे पोहे खा, तर्री शेगावहून परत आल्यावर.

वाटेत गावकरी जेवू घालतात, आग्रह करतात. अर्धपोटी उठायला शिका. पुरण खाऊन दुपारी चालणं मी एकदाच केलं.

पाच किलोमीटरसाठी बाइकवर बसलात तर बसा, देव काही वही घेऊन बसलेला नाही. पण मग मुक्कामावर "पूर्ण पायी आलो" म्हणून फोटो टाकू नका.

बरोबर प्रकट दिनालाच पोचायचा हट्ट सोडा. माघ वद्य सप्तमीला रांग तासन् तास चालते, आणि फोडांच्या पायांनी उभं राहणं हे चालण्यापेक्षा कठीण. आम्ही एक दिवस आधी पोचतो, दर्शन घेतो, महाप्रसाद घेतो आणि सप्तमीला निवांत मुखदर्शन.

परतीच्या तिकिटाचा कोणीच विचार करत नाही. जायचं पायी, यायचं देवाच्या भरवशावर. शेगाव हावडा-मुंबई मार्गावर आहे, गाड्या पुष्कळ, पण त्या दोन दिवसांत आरक्षणाशिवाय दारातही उभं राहता येत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरातच तारीख बघून बसा. आणि खालचा बर्थ मागा. पहिल्या वर्षी मला वरचा मिळाला होता. ती तीन पायऱ्यांची लोखंडी शिडी मी बडनेरा येईपर्यंत नुसती बघत बसले, शेवटी खालच्या सीटवरच्या काकूंनी पाय आखडून जागा दिली.