वाय-फाय 6 घ्यायचंय? आधी केबल तपासा

300 एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड टेस्ट 94 च्या आसपासच अडकत असेल, तर दोष बहुधा वाय-फायचा नाही. जुन्या राऊटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचे असतात, नाहीतर ओएनटीपासून (फायबरची तार येते त्या डब्यापासून) आलेल्या केबलच्या आठपैकी चारच तारा टोकाला क्रिम्प केलेल्या, म्हणजे पिनमध्ये दाबून बसवलेल्या असतात. कॅट 5ई केबल, आठही तारा, दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट. काहींचं काम इथेच होतं.

वाय-फाय 6 म्हणजे 802.11 एएक्स. त्याची खरी कमाई गर्दीत दिसते: ओएफडीएमएमुळे एकच चॅनेल तुकड्यांत वाटला जातो आणि अनेक उपकरणांचा थोडाथोडा डेटा एकाच वेळी जातो. घरात दोन फोन नि एक टीव्ही असेल, तर फारसा फरक पडणार नाही. पंधरा-वीस उपकरणं असतील तर जरूर घ्या.

नागपुरात बर्डीच्या बाजारात राऊटर बघताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. एएक्स 1800 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झ बँडचे 574 आणि 5 गिगाहर्ट्झ बँडचे 1201 एमबीपीएस यांची वरच्या शेकड्यात गोल केलेली बेरीज. एका फोनला दोन्ही मिळून मिळत नाहीत. एएक्स 3000 मधला 2402 हा आकडा 160 मेगाहर्ट्झ चॅनेल रुंदीवर येतो आणि बरेच फोन 80 वरच थांबतात. एएक्स 1500 मध्ये 2.4 चा बँड सहसा जुना वाय-फाय 4 असतो. लॅपटॉपचं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा. ते ‘एसी’ (802.11 एसी) असेल तर नव्या राऊटरशीही वाय-फाय 5 नेच जोडलं जाईल.

जोडण्याआधी जुन्या सेटिंगमधलं पीपीपीओई (इंटरनेट लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीएलएएन (कंपनीने लाइनला दिलेला) नंबर लिहून घ्या. रिसेट केल्यावर ते परत मिळत नाहीत. ओएनटी स्वतःच डायल (म्हणजे हे लॉगिन) करत असेल तर नवा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वाय-फाय देणारा) ठेवा, किंवा ओएनटी ब्रिज करून, म्हणजे त्याचं राऊटिंग बंद करून, डायल राऊटरकडे द्या. दोघांनीही राऊटिंग केलं की डबल नॅट होतं, म्हणजे नेटवर्कचे पत्ते दोनदा बदलले जातात, मग बाहेरून सीसीटीव्ही बघताना अडचण येते. केबलवाल्याने जुन्या राऊटरचा मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) कनेक्शनला बांधलेला असेल तर नवा मॅक त्याला कळवावा लागतो. ओएनटीचं वाय-फाय बंद करायला विसरू नका.

सुरक्षेला डब्ल्यूपीए (वाय-फाय पासवर्डची सुरक्षा पद्धत) 2 आणि 3 मिश्र ठेवा. निव्वळ 3 वर जुने प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब जोडले जात नाहीत. लॅपटॉपला नेटवर्कच दिसत नसेल तर आधी वाय-फायचा ड्रायव्हर अपडेट करा, जुन्या इंटेल ड्रायव्हरची ही ओळखीची खोड आहे. 2.4 गिगाहर्ट्झवर रुंदी 20 मेगाहर्ट्झ आणि चॅनेल 1, 6 किंवा 11. 5 गिगाहर्ट्झवर चॅनेल 36 ते 48, रुंदी 80. 160 केलं तर रडारसोबत वाटून घेतलेले चॅनेलही त्यात येतात. रडारचा संकेत जाणवला की राऊटरला ते सोडावे लागतात आणि नेट मध्येच तुटतं.

आता कुलर. पत्र्याची पेटी, ओल्या ताट्या आणि टाकीतलं पाणी, तिन्ही सिग्नल अडवतात. जानेवारीत खिडकीजवळ छान चाललेला राऊटर एप्रिलमध्ये कुलर बसला की पलीकडच्या खोलीत लंगडतो. जागा उन्हाळा धरूनच ठरवा. बऱ्याच घरगुती राऊटरची मर्यादा 40 अंशांची असते आणि मे महिन्यात पारा 45 पार जातो, म्हणून स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा बंद कपाटात तो ठेवूच नका. उघड्या शेल्फवर, डोक्याच्या उंचीला, भोवती मोकळी हवा.

जुना मिनी यूपीएस लावणार असाल तर अडॅप्टरवरचा आकडा जुळवा: नव्या राऊटरला 12 व्होल्ट 1.5 किंवा 2 अँपिअर लागत असतील आणि यूपीएस 1 अँपिअरचा असेल, तर लोड वाढताच राऊटर रीस्टार्ट होत राहतो.