भडंगाच्या वेळेला एक स्कूप

संध्याकाळी साडेसहाला मी पतसंस्थेतून घरी येते, चप्पल काढते आणि पर्स खांद्यावर असतानाच माझा हात भडंगाच्या डब्यात जातो. सांगलीत जन्म गेल्यावर दुसरं काय होणार! मुरमुरे हलके असतात हे खरं, पण भडंगाला तेल, शेंगदाणे आणि मेतकूट सढळ हातानं पडतं आणि उभ्याउभ्या तीन वाट्या कधी संपतात ते कळतही नाही. माझं वजन तेव्हा ७८ किलो, उंची पाच फूट दोन इंच, वय ४७. या सगळ्याचं मूळ त्या साडेसहाच्या डब्यात आहे हे समजायला मला वर्ष लागलं, आणि त्यातले दोन महिने प्रोटीन पावडर चुकीच्या पद्धतीनं पिण्यात गेले.

आधी ती चूक सांगते. पावडरीनं वजन उतरतं असं ऐकून डबा आणला. रोज रात्री जेवण झाल्यावर मोठा पेलाभर म्हशीचं दूध, एक केळं, चमचाभर मध, पाच-सहा बदाम आणि वर पावडरीचा एक स्कूप (डब्यात मिळतो तो मापाचा चमचा), असं सगळं मिक्सरमधून फिरवून प्यायचे. दोन महिन्यांत दीड किलो वाढलं. नंतर हिशोब मांडला तेव्हा तो पेला सहाशे कॅलरीच्या आसपास निघाला. म्हणजे जेवण झाल्यावर मी रोज आणखी तीन भाकऱ्या पीत होते! पावडर म्हणजे औषध नाही, ते अन्नच आहे. एका स्कूपात साधारण १२० ते १३० कॅलरी असतात. त्या ताटातलं काहीतरी काढून त्याच्या जागी घालायच्या, नाहीतर डबा आणूच नये.

हे नेमकं असतं काय? श्रीखंडासाठी दही बांधून टांगलं की खाली जे हिरवट पाणी टपकतं, ती निवळी. चीज करतानाही तसंच पाणी सुटतं. त्या पाण्यातली प्रथिनं गाळून, वाळवून केलेली पूड म्हणजे व्हे प्रोटीन. घरच्या निवळीच्या शंभर मिलीत ग्रॅमभरही प्रथिन नसतं, त्यामुळे एका स्कूपाएवढं मिळवायला तीनेक लिटर निवळी प्यावी लागेल. चक्क्याचं पाणी पिऊन भागत नाही का, असं आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं, म्हणून हा हिशोब केला होता.

डबा घ्यायच्या आधी वहीत दोन गोष्टी लिहा: रोज किती प्रोटीन पोटात जातं आणि किती हवं. माझा दिवस असा होता. पोह्यांतून पाच ग्रॅम, दुपारच्या तीन पोळ्यांतून नऊ, वाटीभर मटकीच्या उसळीतून सात, आमटी-भातातून पाच, ताकातून दोन, रात्रीच्या भाकरी-भाजीतून आठ, चहातल्या दुधातून चार. बेरीज चाळीस. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबानं निरोगी माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम लागतं. वजन कमी करताना मात्र थोडं जास्त घेतात, कारण खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी आजचं वजन न धरता, जिथं पोचायचंय ते ६२ किलो धरलं आणि किलोमागे १.२ प्रमाणे ७५ ग्रॅम सांगितलं. तूट पस्तीसची.

ही तूट आधी स्वयंपाकघरातूनच भरून बघा. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली काढलेल्या आहारसूचनांत पावडरी टाळायलाच सांगितलंय, आणि त्यात तथ्य आहे. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत २६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि खर्च दहा-पंधरा रुपये. अंड्यात सहा ग्रॅम. माझा किलोचा डबा अडीच हजारांचा, त्यात तीस स्कूप, म्हणजे एक स्कूप त्र्याऐंशी रुपयांना पडतो. मग मी का घेते? सोयावडी मला आठवड्यातून दोनदाच गिळवते. अंडी आमच्याकडे सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला बंद. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर असलं तरी शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, त्यामुळे वजन उतरवणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये. मी तूट अशी भरली: सकाळी एक अंडं, दुपारी वाटीभर दही, आणि उरलेलं एका स्कूपातून.

तो कधी घ्यायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जिमवाली मुलं व्यायाम झाल्या झाल्या प्यायला सांगतात, पण आपल्यासारख्यांना घड्याळाची इतकी घाई नाही. तुमचा तोल ज्या वेळेला जातो, त्या वेळेला घ्या. प्रोटीननं पोट बराच वेळ धरून राहतं, त्यामुळे रोज हात घसरतो तिथंच ते कामाला येतं. माझी वेळ पावणेसातची. घरात शिरले की आधी माठातलं पाणी शेकरमध्ये, मग पावडर, मग भडंगाच्या डब्याकडे बघायचं. पहिले चार-पाच दिवस नजर तिकडेच होती. मग तो डबा वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही असा ठेवला.

करायची रीत सोपी आहे, पण गंमत पाण्यात आहे. आधी दोनशे मिली गार पाणी, त्यावर पावडर, मग झाकण लावून हलवायचं. आधी पावडर घातली तर तळाच्या कोपऱ्यात लगदा बसतो आणि तो बोटानंच काढावा लागतो. गरम दुधात किंवा कॉफीत घातलं की फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. त्यानं प्रोटीन वाया जात नाही, पण घशाखाली उतरत नाही. थालीपिठाच्या पिठात मिसळूनही पाहिलं, तर थालीपीठ चिवट चामडं झालं. बिनचवीची पावडर ताकात मात्र छान लागते, वर जिरेपूड आणि चिमूटभर हिंग. स्कूप सपाट भरायचा. मी एकदा वजनकाट्यावर ठेवला तर माझा शिगोशीग स्कूप ४१ ग्रॅमचा निघाला, हवा होता ३३.

दुकानात डब्याच्या पुढचा फोटो न बघता मागचा तक्ता वाचा. एका स्कूपातल्या प्रोटीनला स्कूपाच्या वजनानं भागा. ३३ ग्रॅमात २४ ग्रॅम असेल तर साधारण ७३ टक्के, म्हणजे ठीक. ‘मास गेनर’ लिहिलेलं आपल्या कामाचं नाही, ते वजन वाढवायचंच असतं आणि त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ कर्बोदकांची पूड असते. बायकांसाठी म्हणून गुलाबी डब्यात मिळणाऱ्या पावडरींचाही भागाकार करा, कित्येकदा प्रोटीन निम्मंसुद्धा भरत नाही आणि साखर बरीच असते. घटकांच्या यादीत ग्लायसीन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर डबा खाली ठेवा. प्रोटीन मोजतात ते त्यातल्या नायट्रोजनवरून, आणि असल्या स्वस्त भरतीनं तो आकडा फुगवता येतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी क्रमांक आणि पक्कं बिल हवंच. मला ओळखीतून निम्म्या किमतीत मिळालेला एक डबा पाण्यात टाकल्यावर पिठासारखा खाली बसला होता. तो फेकला.

पोटाचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात गॅस झाला. दूध सोसत नसेल तर हे होतं. आठवडाभर अर्धा स्कूप घ्या, नाहीतर आयसोलेट (जास्त गाळलेलं व्हे) घ्या, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नावापुरतं असतं, पण ते महाग. दुसरा त्रास बद्धकोष्ठाचा, कारण पावडरीत तंतू जवळजवळ नसतात. भाजी आणि काकडी-गाजर कमी करू नका आणि पाणी वाढवा.

सुरू करायच्या आधी मी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं, त्यावरून किडनीचं काम कळतं. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांशिवाय या वाटेला जाऊ नका. गरोदर बायका, मधुमेहाची औषधं चालू असलेले, दुधाची अ‍ॅलर्जी असलेले यांनीही आधी विचारायचं. मला थायरॉइडची गोळी आहे, ती पहाटे उपाशीपोटी. दूध आणि कॅल्शियम तिच्यापासून लांब ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे संध्याकाळची वेळ सोयीची पडली.

आणि व्यायाम. नुसतं पिऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. मी सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन येते आणि आठवड्यातून तीन दिवस घरी पाच-पाच किलोचे डंबेल्स, खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला टेकून दंड. आठ महिन्यांत ७८ वरून साडेएकाहत्तर. मधले दीड महिने काटा हललाच नाही, पण ब्लाउज मात्र सैल झाले.

उपवासाला चालतं का, हा प्रश्न आमच्याकडे रीतसर सासूबाईंपुढे गेला. त्यांनी डब्यावरचं वाचून घेतलं आणि निकाल दिला: “दुधाचंच आहे ना? मग चालतं.” साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, तेव्हा चतुर्थीच्या दिवशी तर याची गरज जास्त. गेल्या महिन्यात त्यांचीही रक्ततपासणी झाली, डॉक्टरांनी हो म्हटलं. आता अर्धा स्कूप त्यांच्या नाचणीच्या आंबिलीत जातो, आंबील पूर्ण गार झाल्यावरच. एकदा मी घाईत गरम असतानाच घातला, तर त्यांनी वाटी परत पाठवली: “अगं, हे नासलंय.”