बहावा लावताना: जागा, काळी माती आणि पहिले दोन उन्हाळे

मृगाच्या पहिल्या सरीवर रोप लावायची घाई मराठवाड्यात अंगलट येते. वरची चार बोटं माती भिजते, खाली सगळं कोरडंच असतं आणि पाऊस दडी मारतो. बहाव्याचं रोप आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, जमीन हातभर खोल ओली झाल्यावरच लावा. मग ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला तरी मुळं तोवर धरलेली असतात.

आधी जागा ठरवा. बहावा पानगळीचा. आपल्याकडं मार्चच्या सुमारास त्याची पानं गळतात आणि एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी तो लगडतो. दिसतो देखणा, पण ऐन कडाक्यात सावली विरळ! गोठ्यावर एप्रिलचीच सावली हवी असेल तर तिथं कडुनिंब लावा. त्याला तेव्हा नवी पालवी असते. बहावा दारापुढं, शेतरस्त्याला, शाळेच्या आवारात लावावा. पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंत सावलीला तो चांगला. गुलमोहराची हौस असणाऱ्यांनाही मी बहावाच सुचवेन, कारण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी, आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. भिंतीपासून पंधरा फूट अंतर ठेवा. विजेच्या तारांखाली मुळीच नको.

खड्डा दोन बाय दोन बाय दोन फुटांचा. बालाघाटाच्या मुरमाड माथ्यावर तो आणखी मोठा घेऊन गाळाची माती आणि शेणखत भरा. भारी काळ्या रानात मात्र उलटं करावं लागतं. तिथं भुसभुशीत भरलेल्या खड्ड्यात चारी बाजूंचं पाणी उतरतं, आठवडाभर साचतं आणि रोप पिवळं पडून मुळं कुजतात. म्हणून खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंच भरून त्या उंचवट्यावर रोप लावा. मातीत थोडा मुरूम आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. वाळवीला आळा बसतो.

रोप घेताना उंचीला भुलू नका. पिशवी फाडून बुडाशी बघा: सोटमूळ गोल वेटोळं घालून बसलेलं असेल तर तेवढा भाग धारदार कात्रीनं कापूनच लावा, नाहीतर मूळ पुढंही तसंच गुंडाळत राहतं.

घरीच रोपं करायची असतील तर गेल्या हंगामाच्या काळ्या, वाळलेल्या शेंगा घ्या. दगडानं फोडल्या की आत नाण्यांच्या चळतीसारखे पातळ पडदे, त्यांवर काळा चिकट गर आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटं बी. बी धुऊन घ्या. पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बी टाका आणि चोवीस तास राहू द्या. फुगलेलं बी पेरा. न फुगलेलं पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासून पुन्हा भिजवा. कवच इतकं टणक असतं की तसंच पेरलेलं बी महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं. शेंगेतला गर रेचक आहे, लहान मुलांना चाटू देऊ नका.

पावसाळ्यात पिवळसर पांढरी फुलपाखरं पानांवर अंडी घालतात आणि हिरव्या अळ्या पानं कुरतडतात. फवारणीची गरज नाही, झाड पुन्हा फुटतं. रोप अगदी लहान असेल तर अळ्या हातानं वेचा.

खरी कसोटी दिवाळीनंतर. काळी जमीन भेगाळली की भेगांतून ओल उडते आणि कोवळी मुळं तुटतात. सोयाबीनच्या मळणीचं भुसकट पेटवून देऊ नका. आळ्यात चार बोटं जाड पसरा, फक्त खोडापासून वीतभर मोकळं ठेवा. भेग दिसली की खुरप्यानं माती ओढून बुजवा. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी पंधरा-वीस लिटर पाणी द्या, तेही संध्याकाळी. रोज तांब्याभर दिलेल्या पाण्यानं मुळं वरच राहतात. मार्चमध्ये पानं झडली म्हणून रोप मेलं असं समजून उपटू नका. नखानं साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर पाणी चालू ठेवा.