वाचनाची यादी अखेर जमली

वर्षभरात काय वाचलं ते डिसेंबरात आठवायचं नाही, आणि पुढं काय वाचायचं ते निम्मं व्हॉट्सॲपवर, निम्मं स्क्रीनशॉटमध्ये. शेवटी गुगल शीट केली. एका टॅबमध्ये वाचलेली, तारीख आणि एक ओळ मत (स्टार देत नाही, महिन्यानं त्याचा काही अर्थ लागत नाही), अर्धवट सोडलेली पण लिहायची, पान नंबरसकट. दुसऱ्या टॅबमध्ये पुढची, तिथं कुणी सुचवलं आणि का हा कॉलम पाहिजेच, नुसत्या नावावरून काय कळतंय. भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय, घराघरात विषयवार पुस्तकं, पण तिथंच बसून वाचायची, म्हणून गेलो की आवडलेली नावं लगेच शीटमध्ये, मग साताऱ्यात लायब्ररीत तीच मागायची. यादी वीसच्या वर गेली की एक उडवल्याशिवाय नवीन घालत नाही.