साठीनंतर युथ हॉस्टेलमध्ये राहताना

‘ते पोरासोरांचे काम’ असे म्हणून आपल्या खेड्यांतील साठी ओलांडलेली मंडळी युथ हॉस्टेलचा, म्हणजे प्रवाशांनी एकाच दालनात मिळून राहायच्या साध्या, स्वस्त निवासाचा, विचारच करीत नाहीत; वास्तविक भारतातील युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सदस्यत्वाला वयाची वरची मर्यादा नाही. ही कल्पनाही मुळात एका शिक्षकाची आहे. १९०९ साली जर्मनीतील रिचर्ड शिरमान हे विद्यार्थ्यांसह पायी सहलीस गेले असता वादळात सापडले आणि त्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. त्यातूनच १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युथ हॉस्टेल उभे राहिले. लग्नाच्या वऱ्हाडाला जिल्हा परिषदेच्या शाळेत जानोसा देणाऱ्या आणि स्वतःही तेथे सतरंजीवर रांगेने निजलेल्या आपल्या माणसांना यात परके काय वाटावे?

तरीही वयाच्या गरजा असतातच, आणि त्या आरक्षणापूर्वी फोनवर स्पष्ट सांगाव्यात. दुमजली पलंगांपैकी खालचाच पलंग हवा, हे आरक्षणातच नोंदवून घ्यावे, कारण रात्री लघवीला उठताना शिडी उतरणे हा नसता धोका आहे. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, कमोड आहे का आणि किती पायऱ्या चढाव्या लागतील, हेही विचारावे. काही खासगी हॉस्टेलांत मात्र वयाची अट असते, म्हणून पैसे भरण्याआधी तीही विचारलेली बरी.

सामूहिक दालने बहुधा स्त्री-पुरुषांची वेगळी असतात. पहिल्या मुक्कामात आम्हा दोघांच्या गोळ्या एकाच पिशवीत होत्या आणि ती पिशवी पत्नीकडे राहिली. रक्तदाबाच्या गोळीसाठी मला रात्री साडेदहाला स्त्रियांच्या दालनाबाहेर उभे राहून एका मुलीच्या हाती निरोप धाडावा लागला. तेव्हापासून आम्ही औषधे, पाण्याची बाटली आणि आधार कार्ड दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते नाव लिहिलेल्या डब्यात घालून स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये ठेवण्याची परवानगी घ्यावी. फ्रीजरमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

खरी कसोटी पहाटेची असते. आपल्याला चारला जाग येते, तर वरच्या पलंगावरचा मुलगा बाराला येऊन निजलेला असतो. अशा वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ सगळ्या दालनाला ऐकू जाते, म्हणून सामान जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या कापडी थैल्यांत भरावे. अंघोळीचे कपडे, दात घासायचा ब्रश आणि टॉवेल रात्रीच उशाशी काढून ठेवावेत. मोठा दिवा लावू नये, लहान टॉर्च जमिनीकडे धरावी. उठल्याबरोबर उभे न राहता दोन मिनिटे काठावर बसावे, म्हणजे भोवळ येत नाही. हरिपाठ म्हणायचा असेल तर व्हरांड्यात जाऊन म्हणावा. घोरण्याची सवय असेल तर शेजाऱ्यांना आधीच सांगून कानात घालायला थोडा कापूस द्यावा. आधी सांगितलेली गोष्ट मुले समजुतीने घेतात, हा माझा अनुभव आहे.

लॉकरसाठी आपले लहान कुलूप न्यावे आणि त्याची किल्ली करगोट्याला किंवा गळ्यातल्या दोऱ्याला बांधावी. अंथरुणासाठी जुन्या सुती चादरीच्या दोन बाजू शिवून केलेली खोळ घरचीच असावी. तिला काहीच वजन नसते आणि परक्या गादीचा संकोचही उरत नाही.

हिवाळ्यात शाळांच्या सहलींमुळे हॉस्टेले भरलेली असतात. त्यापेक्षा पोळा झाल्यावर, सोयाबीन सोंगणीला येण्याआधीचे मोकळे दिवस निवडावेत. मन धजत नसेल तर आधी शेगावला भक्त निवासात किंवा सेवाग्रामच्या यात्री निवासात एक रात्र राहून पाहावे आणि घरी परतल्यावर काय न्यायचे राहिले, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.