बाळ बघायला येणाऱ्यांच्या अंगावरचा धूर

लेकीचं बाळंतपण माहेरी असलं की घरात माणसांची रीघ लागते. सोयर फिटलं की आत्या, मामा, व्याही, शेजारपाजार सगळे येतात आणि मायेनंच येतात. म्हणूनच "तुम्ही बिडी ओढून आलात, बाळाला घेऊ नका" हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत नाही. सोलापूर जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून मी नोकरीभर बाळंतिणींच्या घरी फिरले आहे आणि आता माझ्याच घरात नातू आहे. आमच्याकडे ही व्यवस्था कशी लावली आहे, ते सांगते.

"आम्ही बाहेर अंगणात ओढून येतो" असं सगळेच सांगतात. बाहेर ओढणं घरात ओढण्यापेक्षा केव्हाही बरं, पण तेवढ्यानं काम होत नाही. धूर विरला तरी त्यातलं निकोटीन आणि बाकीची रसायनं शर्टावर, केसांत, मिशीवर, बोटांवर बसतात. गादी, पडदे, सोफ्याचं कापड यांत तर ती कित्येक महिने टिकतात. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी २००४ मध्ये तान्ही बाळं असलेली घरं तपासली. बाळासाठी म्हणून बाहेर जाऊन ओढणाऱ्यांच्या घरांतही धुराचा अंश न ओढणाऱ्यांच्या घरांपेक्षा ५ ते ७ पट निघाला. पुढे २०१० मध्ये तिथल्याच लॉरेन्स बर्कली या सरकारी प्रयोगशाळेनं दाखवलं की साचलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया होते आणि कर्करोग करणारी नायट्रोसमाइन्स नावाची रसायनं तयार होतात. ते आम्ल घरात येतं मुख्यतः गॅसच्या शेगडीतून, म्हणजे आपल्या रोजच्या स्वयंपाकघरातून.

मोठं माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतं, नवजात बाळ ४० ते ६० वेळा. त्यात ते ज्याच्या कडेवर असतं त्याच्या शर्टातच नाक खुपसून असतं, बोट सापडलं की चोखतं. एकदा कुणी मांडीवर घेतलं म्हणून बाळ लगेच आजारी पडत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण रोज कुणी ना कुणी येत राहिलं की तेच पुन्हा पुन्हा घडतं, आणि आपल्याला थांबवायचं आहे ते हे.

बोलायचं कधी? पाहुणा निघण्याआधी, फोनवर. दारात आलेल्या माणसाला अडवलं की त्याचा अपमान होतो आणि मग बाळंतिणीच्या डोक्याला ताप. बोलायचं कुणी? ज्याचं नातं त्यानं. सासरच्या माणसांशी जावयानं बोलावं, माहेरच्यांशी आजीनं किंवा मामानं. ओल्या बाळंतिणीवर हे काम कधीही टाकू नये. माझ्या दिरांना मी असं सांगितलं: "भाऊजी, बाळाला बघायला अवश्य या. डॉक्टरांनी सगळ्यांनाच सांगितलंय, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचं आणि वाटेत बिडी-सिगारेट घ्यायची नाही. घेतलीच तर इथं आल्यावर हातपाय धुऊन शर्ट बदलायचा, मी काढून ठेवलाय." व्याह्यांना हेच जावयानं त्याच्या शब्दांत सांगितलं. "सगळ्यांनाच" हा शब्द गाळू नका. एकट्याला नियम लावला की तो टोचतो, घराचा नियम म्हटलं की माणूस पाळतो. आणि तो खरोखर सगळ्यांना लावा, मलाही.

आपल्याकडे बाहेरून आलेल्यानं हातपाय धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, ही रीत आहेच. तिचाच आधार घ्या. दाराशी बादली, तांब्या, साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेवा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, बोटांच्या बेचक्या आणि नखं चोळायची, तोंड आणि दाढी-मिशी धुवायची, चूळ भरायची. शेवटच्या झुरक्यानंतरही काही मिनिटं श्वासातून धूर येत असतो, म्हणून लगेच बाळाजवळ न जाता आधी ओसरीवर चहा होऊ द्या. बडीशेप, अत्तर, सेंट यांनी फक्त वास झाकला जातो. खिडकी उघडून किंवा पंखा लावूनही कापडावर बसलेलं जात नाही. दाराजवळच्या खुंटीवर धुतलेले दोन-तीन सैल सदरे आणि एक-दोन जुन्या मऊ सुती साड्या ठेवा. सदरा बदलायला कुणी लाजलं तर साडीची घडी खांद्यावरून छातीपर्यंत पसरून मग बाळ हातात द्यायचं. सदरा बदलण्याइतकं ते चांगलं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. वापरलेलं कापड लगेच धुवायला टाकावं. परदेशातून आलेल्या भाच्याच्या व्हेपलाही, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटलाही, हाच नियम.

मिश्री लावणाऱ्या आजीचा आणि तंबाखू मळणाऱ्या आजोबांचा धूर नसतो, पण बोटाला निकोटीन असतंच. हात धुतल्याशिवाय बाळाच्या तोंडाजवळ बोट न्यायचं नाही.

बारशाला सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं, जेवणं झाली की पुरुष मंडळी मांडवात पान-सिगारेट घेऊन बसतात आणि मांडव असतो खिडकीखाली. ओढणाऱ्यांची बसायची जागा आधीच घरापासून लांब, गल्लीच्या टोकाला ठरवा. पाळण्याचा कार्यक्रम जेवणाआधी उरका. आत्यानं कानात नाव सांगितलं की बाळ आईकडे, आतल्या खोलीत. नंतर भेटायला येणाऱ्यांनी बाळ पाळण्यातच बघावं. दाराशी एखादी खमकी मावशी बसवा, तिचं सगळे ऐकतात.

आहेरात आलेल्या वस्तूंकडेही लक्ष द्या. पहिले कपडे जुने, दुसऱ्या बाळाचे घालायची आपली पद्धत चांगली आहे, कापड मऊ झालेलं असतं. मायेनं शिवलेली जुन्या धोतर-लुगड्यांची गोधडीही येते. पण ज्या घरात बिडी ओढली जाते त्या घराच्या ट्रंकेतून ती आली असेल तर गरम पाण्यात साबणानं दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवूनच बाळाखाली घाला. धुता न येणारी मऊ खेळणी सध्या बाजूला ठेवा.

पाहुणे गेले की कोरडा झाडू फिरवू नका, धूळ उडते आणि तिच्यातच ते कण असतात. ओल्या फडक्यानं फरशी, खुर्च्यांचे हात, दाराच्या कड्या पुसा. निकोटीन अल्कधर्मी असतं, म्हणून पुसायच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर चांगलं निघतं. सोफ्यावर चादर टाकून ठेवली की धुणं सोपं जातं. आपणच कुणाकडे गेलो तर चादर-दुपटं घरचं न्यावं, आणि ज्या गाडीत सिगारेट ओढली जाते तिच्यातून बाळाला आणू-नेऊ नये, काचा उघड्या असल्या तरी.

धुरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. सिगारेटवाल्या काकांना दारात थांबवायचं आणि आत बंद खोलीत शेगडीवर ओवा-शेपा टाकून बाळाला धुरी द्यायची, हे चालणार नाही. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. आणि मच्छर अगरबत्तीच्या एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. मच्छरदाणी लावा, तिला पर्याय नाही.

बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा दूध ओढत नसेल, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा. आशाताई घरी येते तेव्हा श्वास कसे मोजायचे ते तिच्याकडून शिकून घ्या.

घरातलाच माणूस ओढणारा असेल तर त्यानं बाळाच्या अंथरुणात झोपायचं नाही, यात सवलत नाही. बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्यानं वाढतो. ओढायचा शर्ट वेगळा, तो घराबाहेर टांगायचा, आणि बाळाला घेण्याआधी आंघोळ. आईच ओढत किंवा मिश्री लावत असेल तर तिला रागावून अंगावरचं पाजणं बंद करायला लावू नका. दूध चालूच ठेवायचं, सवय सोडायला तिला साथ द्यायची. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन आहे. नंबर भिंतीवर लिहून ठेवा. बाळ घरात आल्यावर माणूस सोडायला तयार होतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे, तेव्हा तो तयार दिसला की त्याच दिवशी शेजारी बसून फोन लावून द्या.