पहिल्या खर्ड्यानंतर: ॲनिमेशनपटाच्या पटकथेचे पुनर्लेखन

पहिला खर्डा पूर्ण झाला की बहुतेक नवे पटकथाकार संवादांवरून हात फिरवू लागतात. ते काम सर्वांत शेवटी करावे. आधी ही गोष्ट नेमकी कोणाची आहे, हे पुन्हा तपासावे, कारण त्या उत्तरावर अर्धी पटकथा राहते किंवा जाते.

समजा, बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबाची गोष्ट आपण लिहिली आहे. दसरा सरताच आईवडील कारखान्याकडे निघतात, दहा वर्षांची मुलगी आजीपाशी गावात राहते आणि तिने वाढवलेला लाल कंधारी गोऱ्हा मात्र गाडीबरोबर जातो. पहिल्या खर्ड्यात अशी गोष्ट हमखास वडिलांची होते, कारण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ मजुरी, त्यांनी घेतलेली असते आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी बोलणीही तेच करतात; मुलगी केवळ रडते आणि वाट पाहते. सहकुटुंब पाहायच्या चित्रपटात हे चालत नाही. दुसऱ्या खर्ड्यात निर्णय तिच्याकडे द्यावा: गोऱ्ह्याला परत आणायचे तिने ठरवावे, आणि त्या निर्णयाने आईवडिलांची अडचण आधी वाढावी. असा बदल मोठ्या स्टुडिओंनाही चुकलेला नाही. 2016 च्या ‘झूटोपिया’त सुरुवातीला कोल्हा हा मुख्य नायक होता, काम बरेच पुढे गेल्यावर ती गोष्ट पोलीस झालेल्या सशिणीची करण्यात आली.

मुख्य पात्र बदलले की खलनायकही बदलतो. पहिल्या खर्ड्यातला मुकादम मिशा पिळत ओरडणारा असतो. वास्तविक कारखान्याकडून आगाऊ रक्कम त्याने घेतलेली असते आणि मजुरांची टोळी पळाली तर ती रक्कम त्याच्याच अंगावर येते. ही भीती एका प्रसंगात दाखवली तरी पात्र जिवंत होते. 2013 च्या ‘फ्रोझन’मध्ये बर्फाची जादू असलेली एल्सा मूळ आराखड्यात खलनायिका होती. तिच्यासाठी लिहिलेल्या गाण्यात तिची घुसमट आणि सुटका इतकी स्पष्ट उतरली की पात्र आणि त्यासोबत कथानक नव्याने रचावे लागले.

यानंतर खर्ड्यातील सांगणे काढून दाखवणे आणावे. ‘मला करमत नाही’ हे वाक्य खोडावे आणि गोऱ्हा नसतानाही मुलगी सवयीने त्याची पाण्याची बादली भरते, मग थबकून ते पाणी आजीच्या तुळशीला घालते, असे लिहावे. रंगही लेखकाने सोडू नयेत: काळ्या रानात लांबून दिसणारा तांबडा ठिपका ही ओळ चित्रकाराला अर्धा पानभर वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

खर्डा तपासून घेण्यासाठी गावातील चौथी-पाचवीच्या मुलांना गोष्ट तोंडी सांगावी. ‘आवडली का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसाला मुले होच म्हणतात. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्यांच्याकडून ऐकावी आणि सर्वांनी गाळलेला प्रसंग कितीही आवडता असला तरी बाजूला काढावा. जुने खर्डे तारीख घालून ठेवावेत.

ही काटछाट चित्रे हलू लागण्यापूर्वीच उरकावी लागते. पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, आणि पडद्यावरच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात. त्यामुळे नव्वद पानांत दहा पाने जादा असतील, तर ती चौदा हजारांहून अधिक चौकटींची उधळपट्टी ठरते. प्रत्यक्ष चित्रीकरणात जादा घेतलेले संकलनाच्या टेबलावर कापता येते. येथे संकलन आधी आणि चित्र नंतर. म्हणून स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगांची क्रमवार काढलेली, कच्ची चित्रे तात्पुरत्या आवाजांसह जोडून ॲनिमॅटिक पाहावे, पटकथेत बदल करावेत आणि पुन्हा पाहावे.

संवाद आता हाती घ्यावेत. आजीचे ‘काय करतेस?’ हे ‘काय करायलीस गं?’ झाले पाहिजे, परंतु मराठवाडी बोली हशा पिकवण्यासाठी वापरू नये. ती खोड आपल्या पडद्याला फार जुनी आहे. तात्पुरता आवाज त्याच भागातील मुलीकडून घ्यावा आणि वाचताना तिने नकळत एखादा शब्द बदलला, तर तो तसाच पटकथेत लिहून घ्यावा.